खालील वाक्ये शुद्ध करा

सातवीत असताना मराठीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असे: ‘खालील वाक्ये शुद्ध करून लिहा.’ त्यात ‘मी आंबा खाल्लो’ यासारखे एखादे वाक्य हमखास असायचे. कानाला खटकत असल्यामुळे त्याचे ‘मी आंबा खाल्ला’ करायला वर्गातल्या कोणाही मुलाला वेळ लागत नसे. आमचे गुरुजी मात्र तेवढ्यावर पूर्ण गुण देत नसत. ‘मी जेवलो’ चालते, मग ‘मी खाल्लो’ का चालत नाही, हे ज्याला शेजारी लिहिता येईल त्यालाच दुसरा गुण मिळे. मला तो दुसरा गुण फारसा कधी मिळाला नाही आणि त्याचे वाईटही वाटले नाही, कारण वाक्य तर बरोबर झालेले असायचे.

हाच प्रश्न मला पुन्हा भेटला तो सत्तेचाळिसाव्या वर्षी, रस्ट नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत. कुपवाडच्या एमआयडीसीत माझे एक लहानसे वर्कशॉप आहे. वजनकाट्यांचे डिस्प्ले, दूध संकलन केंद्रांवर पावती छापणारी यंत्रे, शेतीपंपांचे कंट्रोलर अशा वस्तूंसाठी लागणारे सर्किट बोर्ड आम्ही तयार करतो आणि त्यांवर चालणारे प्रोग्रॅम मी लिहितो. हे सगळे काम आजवर सी भाषेत झाले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. मेमरीतला कुठलाही पत्ता तिच्या हातात दिला की ती तेथून निमूटपणे वाचते आणि तेथे निमूटपणे लिहिते. तो पत्ता आपला आहे की परक्याचा, ती जागा अजून शिल्लक आहे की केव्हाच सोडून दिलेली आहे, याची ती चौकशी करत नाही. वीस-बावीस वर्षे मला हा तिचा स्वभाव आवडत आला होता. चूक झाली तर ती माझी, एवढा हिशेब त्यात साफ होता.

सांगलीत ऑगस्ट महिन्यात माणसे एकमेकांना वेळ विचारण्याऐवजी आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी विचारतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी हे येथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते, आणि २०१९ साली कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेल्यापासून तर कोयना धरणाच्या विसर्गाचे आकडेही लोक भाजीच्या भावासारखे सांगतात. मला रस्ट भेटली त्या पावसाळ्यात पातळी चाळिशीच्या आसपास आठवडाभर घुटमळत होती. वर्कशॉपमधले निम्मे कामगार नदीकाठच्या गावांचे. ते घरचे सामान वर चढवायला गेले आणि काम जवळजवळ थांबले. माझी भाची येथे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि विश्रामबागेत आमच्याकडेच राहते. तिने आठवडाभर माझी येरझार पाहिली आणि शेवटी स्वतःचा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “मामा, तुम्ही नुसतं पाणी बघत बसू नका. हे सोडवून बघा.”

त्या पडद्यावर रस्टलिंग्ज नावाचा सरावसंच उघडलेला होता. त्याची रचना अगदी साधी आहे. शंभराच्या जवळपास लहान लहान फायली असतात आणि प्रत्येक फाइलमध्ये पाच-पन्नास ओळींचा एक प्रोग्रॅम असतो, जो मुद्दाम मोडून ठेवलेला आहे. कोठे एखादा शब्द गाळलेला असतो, कोठे प्रकार चुकीचा लिहिलेला असतो, कोठे वस्तूची मालकी भलत्याकडे गेलेली असते. आपण फाइल दुरुस्त करून जतन केली की मागे पहाऱ्यावर बसलेला प्रोग्रॅम ती लगेच कंपायल करून, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात उतरवून, पाहतो. जमली तर पुढच्या फाइलकडे जाऊ देतो, नाही तर चुकीचा निरोप पुन्हा पुढे ठेवतो. फारच अडले तर सूचना मागता येते. एका वाक्यात सांगायचे तर ‘खालील वाक्ये शुद्ध करून लिहा’ एवढा एकच प्रश्न शंभर वेळा विचारलेला असतो.

मला हा प्रकार सुरुवातीला पोरकट वाटला. आपल्याकडे शिकण्याची रीत कित्त्याची आहे. वळणदार अक्षर वर छापलेले असते, खाली आपण ते गिरवायचे. म्हणजे आदर्श आधी पुढे येतो आणि चूक नंतर आपल्या हातून होते. सी मी असाच शिकलो. दुसऱ्याचा चालता प्रोग्रॅम समोर ठेवून तो तसाच्या तसा टंकायचा, चालला की त्यात थोडे बदलून पाहायचे. येथे त्याच्या उलट चूक आधीच कोणीतरी करून ठेवलेली होती आणि माझ्यापुढे कित्ता म्हणून काहीच नव्हते. होता तो फक्त नकार, आणि त्या नकाराचे कारण सांगणारा कंपायलरचा, म्हणजे हे उतरवण्याचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमचा, निरोप.

पहिल्या दहा-बारा फायली मी चहाचा कप संपायच्या आत सोडवल्या. एकच गोष्ट तेवढी बोचली. रस्टमध्ये ‘लेट’ लिहून एखाद्या नावाला किंमत दिली की ती पुढे बदलता येत नाही. बदलायची असेल तर ‘म्यूट’ हा शब्द जोडून तशी आगाऊ परवानगी घ्यावी लागते. सीमध्ये सगळे बदलता येते आणि जे बदलायचे नाही ते सांगावे लागते. ही उलटापालट मी शंभरदा तरी विसरलो असेन. कंपायलरचे निरोपही दोन जातींचे असतात. नुसत्या इशाऱ्यावर तो प्रोग्रॅम तयार करून देतो, चुकीवर मात्र देत नाही. सीमधले इशारे मी आयुष्यभर, २०१९ पूर्वीचे सांगलीकर ४० फुटांकडे जसे पाहत तसे पाहत आलो होतो. पाणी आपल्या गल्लीत थोडेच येणार आहे?

खरा अडथळा आला तो मालकीच्या प्रकरणात. या भाषेचा मूळ नियम असा की मेमरीतल्या प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक असतो, आणि तो मालक ज्या कंसात, म्हणजे कंसांत बांधलेल्या ज्या ओळींच्या गटात, जन्मला तो कंस संपला की वस्तूही विसर्जित होते. त्यासाठी सीसारखे हाताने ‘फ्री’, म्हणजे ‘जागा सोड’, म्हणावे लागत नाही आणि जावा या भाषेसारखा मागाहून झाडू मारणारा कोणी ठेवावा लागत नाही. मालक आपली वस्तू दुसऱ्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एखादे ठरलेले काम करणाऱ्या तुकड्याला, देऊ शकतो, पण त्याच्या दोन तऱ्हा आहेत. नुसते नाव लिहून वस्तू पाठवली तर ती कायमची त्याच्या नावावर करून दिल्यासारखी होते. नावाच्या आधी अँडचे (&) चिन्ह लावून पाठवली तर ती उसनी दिल्यासारखी होते आणि काम झाले की परत येते. पूर्णांकांसारख्या किरकोळ गोष्टींना हा नियम जाचत नाही, कारण त्यांची नक्कल फुकटात होते. यादी, मजकूर अशा ऐवजदार वस्तूंना मात्र तो पुरेपूर लागू आहे.

सरावातली फाइल अशी होती की एक यादी एका फंक्शनला दिलेली आणि त्यानंतर दोन ओळींनी तीच यादी पुन्हा वापरलेली. कंपायलरने ई०३८२ क्रमांकाची चूक दाखवली. पहिल्या ओळीखाली रेघ मारून त्याने लिहिले की किंमत येथून हलवली गेली, दुसऱ्या ओळीखाली रेघ मारून लिहिले की हलवल्यानंतर ती येथे वापरली आहे, आणि खाली सुचवणीही दिली. मी सी लिहिणारा माणूस. माझ्या डोळ्यांना ती यादी तेथेच दिसत होती. बाइट हललेले नाहीत, पत्ता तोच आहे, मग वापरू का नको? अर्धा तास मी त्या निरोपाशी भांडलो. पुढे लक्षात आले की मला द्यायची होती ती उसनी, आणि मी लिहून बसलो होतो बक्षीसपत्र. बक्षीसपत्र नोंदवल्यावर त्याच शेतात पुन्हा नांगर घालायला गेलो तर तलाठी जे म्हणेल तेच कंपायलर म्हणत होता.

हा दृष्टान्त मी मोठ्या उत्साहाने भाचीला सांगितला आणि म्हणालो की मालकी म्हणजे सातबारा. ती हसत सुटली. “मामा, आपल्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत.” तिचे म्हणणे खरे होते. आमच्या पलूसकडच्या जमिनीच्या उताऱ्यावर चुलत्या-आत्यांसह अकरा खातेदार आहेत आणि त्यांपैकी एकालाही ती एकट्याने विकता येत नाही. पुढे संचात सामाईक मालकीचेही एक प्रकरण आले. त्यात वस्तूला किती जण धरून आहेत याची मोजणी ठेवली जाते आणि शेवटच्याने हात सोडला की वस्तू जाते. त्या दिवशी मी दृष्टान्त मागे घेतला नाही, पण पुन्हा कोणाला सांगितलाही नाही.

या सगळ्या संचात मला सर्वांत श्रीमंत वाटलेली फाइल जेमतेम सहा ओळींची आहे. तिच्यात एक रिकामी यादी तयार होते. मग एक जण ती बदलण्याच्या अटीवर उसनी घेतो, लगेच दुसराही त्याच अटीवर घेतो. मग पहिला तिच्यात एक आकडा घालतो, दुसरा दुसरा आकडा घालतो, आणि शेवटी यादीत दोन्ही आकडे आहेत ना, हे तपासले जाते. रस्टचा दुसरा मोठा नियम असा की नुसते पाहण्यासाठी एखादी वस्तू कितीही जण एकाच वेळी उसनी घेऊ शकतात, पण बदलण्यासाठी घेणारा एका वेळी एकच असला पाहिजे आणि तो असेपर्यंत दुसऱ्या कोणाला ती पाहण्यासाठीसुद्धा मिळत नाही. त्यामुळे ही फाइल ई०४९९ क्रमांकाची चूक दाखवून अडते. खरी मौज वर लिहिलेल्या अटीत आहे: एकही ओळ वाढवायची नाही, गाळायची नाही, बदलायचीही नाही, फक्त ओळींचा क्रम बदलून प्रोग्रॅम शुद्ध करायचा.

मी एक संध्याकाळ त्या सहा ओळींपुढे बसलो. बाहेर पाऊस, वीज जाऊन-येऊन, फोनवर दर तासाला पाण्याची पातळी. शब्द बदलायचा नाही म्हटल्यावर माझ्या वीस वर्षांच्या सवयींपैकी एकही कामाला येईना. उत्तर शेवटी सोपे निघाले. पहिल्याने घ्यावे, लगेच आपला आकडा घालावा आणि मोकळे व्हावे. मग दुसऱ्याने घ्यावे आणि आपला घालावा. उसनवारी संपते कधी, तर उसने घेणारा शेवटचा दिसतो तेथे. त्याला ‘परत केले’ असे वेगळे लिहावे लागत नाही. नंतर वाचले तेव्हा समजले की २०१८ च्या आधी कंपायलर इतका समंजस नव्हता. घेतलेली वस्तू कंस संपेपर्यंत घेतलेलीच धरली जाई. त्या वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या आवृत्तीपासून तो शेवटचा वापर पाहून सोडू लागला. म्हणजे मी जो क्रम लावून खूश झालो होतो तो त्याआधीच्या कंपायलरने नाकारलाच असता. नियम तोच राहिला आणि तो वाचणाऱ्याची नजर सुधारली, असे काही व्याकरणात घडलेले मला आठवत नाही.

आता कबुलीजबाब. या प्रकरणापासून पुढे मी एक वाईट युक्ती शिकलो. वस्तूच्या नावापुढे ‘क्लोन’ लिहिले की तिची पूर्ण नक्कल तयार होते. मूळ आपल्याकडे राहते आणि झेरॉक्स समोरच्याला देता येते. मालकीची कुठलीही तक्रार आली की क्लोन लावायचा, हिरवा शेरा मिळवायचा आणि पुढची फाइल उघडायची. कंपायलर स्वतःच पुष्कळदा ही सुचवणी देतो, त्यामुळे मन खातही नाही. अशा रीतीने मी पंचवीस-तीस फायली एका दमात पार केल्या आणि रात्री जेवताना आपला वेग भाचीला ऐकवला. तिने माझ्या फायली चाळल्या आणि काही न बोलता लॅपटॉप मिटला. ते न बोलणे मला गुरुजींनी न दिलेल्या दुसऱ्या गुणासारखे लागले.

माझ्या बोर्डांवरच्या नेहमीच्या चिपमध्ये एकूण रॅम २० किलोबाइट असते. तेथे प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढत बसलो तर दुपारपर्यंत खोली भरेल. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मागे गेलो आणि एकेक क्लोन काढून त्या जागी नेमके काय हवे होते ते शोधू लागलो. बहुतेक ठिकाणी अँडचे एक चिन्ह पुरत होते. काही ठिकाणी फंक्शनने वस्तू घेऊन ती परत करणे शहाणपणाचे होते. दोन-तीन ठिकाणी मात्र क्लोनच बरोबर होता आणि तो का बरोबर आहे हे मला सांगता येत नव्हते. सरावसंचाची मर्यादा येथे उघडी पडते. कंपायलर शुद्ध वाक्य आणि चांगले वाक्य यांत भेद करत नाही. त्याला पटले की पुढे जायचे, आणि पुढे जाण्याची चटक लागली की माणूस कारण शोधायचा थांबतो. ही उणीव संच बनवणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही. पण शेजारी कारण लिहून घेणारे गुरुजी कुठलेही यंत्र कोठून आणणार?

निरोप वाचण्याची सवय मात्र या फायलींनीच लावली, आणि ते ऋण मान्य केले पाहिजे. सीच्या कंपायलरने दोनशे चुका ओकल्या की पहिली तेवढी पाहायची आणि बाकीच्या आपोआप जातील असे धरायचे, ही माझी जुनी रीत. रस्टचा निरोप एखाद्या चांगल्या पंचनाम्यासारखा असतो: घटना कोठे घडली, तिच्याशी संबंधित दुसरी जागा कोणती, नियम कोणता आणि करता येण्यासारखे काय. चुकीचा क्रमांक देऊन ‘समजावून सांग’ म्हटले तर तो उदाहरणासह पानभर मजकूरही पुढे ठेवतो. पहिले दोन आठवडे मी त्यातला फक्त शेवटचा, सुचवणीचा भाग वाचत असे, जसे आपण गाइडमधले उत्तर आधी पाहतो. सुचवणी झाकून वरचे दोन भाग वाचायचे आणि मग स्वतः दुरुस्ती करायची, असा दंडक घालून घेतल्यावर वेग निम्म्यावर आला आणि चिडचिड जवळजवळ संपली.

मजकुराच्या प्रकरणात मी रेंगाळलो, कारण तेथे मला आपली लिपी भेटली. सरावातली इंग्रजी नावे काढून मी ‘सांगली’ असा शब्द घातला आणि लांबी विचारली. उत्तर आले १८. अक्षरे मोजायला सांगितली तेव्हा आले ६. आपल्या हिशेबाने तर ती तीनच: सां, ग, ली. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. रस्टमधला मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने साठवला जातो, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, अनुस्वार, वेलांटी ही त्या पद्धतीच्या दृष्टीने स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘कृष्णा’ हा शब्द तर याहून गमतीचा आहे. अक्षरे दोन, चिन्हे सहा, बाइट पुन्हा १८. शब्द उलटा करण्याचा प्रयोग करून पाहिला तेव्हा ‘सांगली’तली वेलांटी सर्वांत पुढे, कोणाच्याही आधाराविना उभी राहिली. या भाषेच्या अधिकृत मार्गदर्शिकेत हाच मुद्दा समजावताना ‘नमस्ते’ हा शब्द देवनागरीतच छापलेला आहे, हे पाहून मला उगीचच बरे वाटले.

या प्रयोगाने एक जुने कोडेही सुटले. एका दूध संकलन केंद्रासाठी मी केलेल्या यंत्रात सभासदाच्या नावाला २० बाइट राखून ठेवलेले होते. नाव लांब असेल तर त्याच्या शेवटी पावतीवर हटकून एक चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटे, आणि मी त्याचा दोष प्रिंटरच्या फाँटला देऊन मोकळा झालो होतो. वीसमध्ये तीन-तीनची सहा चिन्हे बसतात आणि दोन बाइट उरतात. त्या दोन बाइटांत सातव्या चिन्हाचे दोन तृतीयांश धड अडकत होते. सीने ते निमूटपणे कापले. रस्टमध्ये तसेच कापायला गेलो तर प्रोग्रॅम जागच्या जागी थांबला आणि म्हणाला की ही जागा चिन्हाच्या सीमेवर नाही, आत आहे. दूध घालणाऱ्या त्या सभासदांची नावे मी काही वर्षे अर्धी कापत होतो, आणि त्यांनी कधी तक्रारही केली नाही.

येथे थोडे विषयांतर. रस्ट म्हणजे गंज, असा माझा बरेच दिवस समज होता. ग्रेडन होअर यांनी २००६ साली, मोझिलात नोकरी करत असताना, स्वतःच्या वेळात ही भाषा रचायला घेतली, आणि तिचे नाव त्यांनी एका बुरशीवरून ठेवले. आपल्याकडे तिला तांबेरा म्हणतात. सोयाबीनवरचा तांबेरा ही कृष्णाकाठची कायमची डोकेदुखी आहे. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने त्याला दाद न देणारे फुले संगमसारखे वाण काढले, आणि गव्हावरच्या तांबेऱ्यासाठी तर पलीकडे महाबळेश्वरला वेगळे केंद्रच आहे. ही बुरशी टिकून राहण्याच्या कामी इतकी तरबेज असते की गव्हावरचा काळा तांबेरा एका जन्मात पाच प्रकारचे बीजाणू धारण करतो. होअर यांना तिचे हेच चिवटपण भावले होते. त्यांची दुसरी गोष्टही सांगितली जाते. व्हँकूव्हरमध्ये ते २१ व्या मजल्यावर राहत आणि इमारतीची लिफ्ट तिच्यातला प्रोग्रॅम कोसळल्यामुळे वारंवार बंद पडे; जिने चढताना त्यांना वाटे की साधी लिफ्टसुद्धा न कोसळता चालवता येऊ नये, हे काही बरे नाही. २०१५ च्या मे महिन्यात या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती आली, आणि २०२२ च्या डिसेंबरात लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यातही तिला प्रवेश मिळाला.

ऑप्शन, रिझल्ट, ट्रेट ही संचातली पुढची प्रकरणे मला फारशी अडली नाहीत. आयुर्मर्यादांच्या प्रकरणात, म्हणजे लाइफटाइममध्ये, पुन्हा चार दिवस गेले. थोडक्यात सांगायचे तर एवढेच की ती खुणेची अक्षरे कोणाचे आयुष्य वाढवत नाहीत. उसनी घेतलेली वस्तू तिच्या मालकाच्या आधी परत होते की नाही, हे कंपायलरला पडताळता यावे म्हणून केलेली ती नोंद असते. हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते पटायला चार दिवस लागले.

गणपतीच्या आधी संच संपला. पडद्यावर अभिनंदनाचा मजकूर आला, भाचीने बायकोला बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये एक कोरी फाइल उघडली आणि वजनकाट्यावरून सिरियल वायरीने येणारा आकडा वाचण्याचा साधा प्रोग्रॅम रस्टमध्ये लिहायला बसलो. दोन तासांत माझ्या हातून अकरा ओळी झाल्या आणि त्यांतल्या सहा मी पुसल्या. चुकलेले वाक्य पुढे असते तेव्हा हात शिवशिवतात. पुढे काहीच नसते तेव्हा पहिला शब्द कोणता लिहावा हेच सुचत नाही. आमच्या आजोळच्या तालमीत वस्ताद पोरांकडून महिनोन्‌महिने जोर-बैठका काढून घेत आणि मग एक दिवस मातीत उतरवत, तेव्हा पाचशे जोर काढणारा गडीसुद्धा पहिल्या पटालाच आडवा होई. त्यामुळे जोर वाया गेले असे कोणी म्हणत नसे. पण जोर काढता येतात म्हणून कुस्ती येते, असेही त्या तालमीत कोणी म्हणत नसे.

त्या कोऱ्या फाइलपुढे बसलेलो असताना मला माझी स्वतःची एक चूक आठवली, जी मी इतकी वर्षे कोणाला सांगितली नव्हती. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी मी केलेला तो प्रोग्रॅम होता. काट्यावर उसाची गाडी आली की कारकून कीपॅडवर गाडीचा नंबर टाकी, वजन स्थिर झाले की पावती छपाईच्या रांगेत जाई आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ती आपल्या संथ गतीने छापी. पावतीत वजनाचा आकडा मी उतरवून घेतला होता. गाडीच्या नंबरासाठी मात्र ज्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, तो टाइप झाला त्या बफरचा नुसता पत्ता ठेवला होता. सोळा बाइट वाचवल्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला असेल. गाड्या सावकाश येत तोवर सगळे सुरळीत चाले. गळीत हंगाम भरात आला, ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेली, कारकून चपळाईने पुढच्या गाडीचा नंबर टाकू लागला, की मागची पावती छापून होण्याआधीच बफरमधला नंबर बदले. मग कागदावर वजन मागच्या गाडीचे आणि नंबर पुढच्या गाडीचा.

हे रोज होत नसे, आणि होई तेव्हा पुष्कळदा कारकुनाची चूक समजून हाताने दुरुस्त केले जाई. शेवटी एका मुकादमाने एकाच नंबराच्या, वेगवेगळ्या वजनांच्या, एकाच मिनिटातल्या दोन पावत्या पुढे ठेवल्या तेव्हा मला बोलावणे आले. मी तीन रात्री त्या काट्याच्या खोलीत काढल्या. मी असताना गाड्या सावकाश येत आणि एकही पावती चुकत नसे. चौथ्या दिवशी घरी, कागदावर पेन्सिलीने मेमरीचे चौकोन काढताना, ते सापडले. दुरुस्ती चार ओळींची होती. २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी जाहीर केले की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापरातून आलेल्या असतात. माझी चूक सुरक्षेची नव्हती, कोणी तिचा गैरफायदा घेतला नाही. पण जात तीच होती.

म्हणून मी ती कोरी फाइल तशीच ठेवली आणि दुसरी उघडली. काट्याचा तो जुना प्रोग्रॅम तीस ओळींत बसवून रस्टमध्ये लिहिला. बफर एक, रांग एक, रांगेतल्या पावतीत वजन आणि बफरकडून उसना घेतलेला नंबर. वर सरावसंचाच्या धाटणीने लिहिले: ‘हा प्रोग्रॅम शुद्ध करा.’ हे लिहिताना मला एकदाही अडखळायला झाले नाही, कारण नेमके काय चुकवायचे आहे हे मला पूर्ण माहीत होते. कंपायल करून पाहिले. ई०५०२: पाहण्यासाठी उसनी दिलेली वस्तू बदलण्यासाठी मागितली जात आहे. एका रेघेखाली पावती रांगेत जाते ती ओळ होती, दुसरीखाली पुढचा नंबर टाकण्यापूर्वी बफर पुसला जातो ती, आणि तिसरीखाली छपाईची. ज्या तीन जागा शोधायला मला तीन रात्री आणि एक पेन्सिल लागली, त्या तिघी पडद्यावर एकाखाली एक मांडून ठेवलेल्या होत्या.

रविवारी मी ती फाइल भाचीपुढे सरकवली. काट्याबद्दल काही सांगितले नाही. तिने निरोप वाचला, नंबरापुढे क्लोन लिहिला आणि पाच मिनिटांच्या आत लॅपटॉप परत माझ्याकडे वळवला. मी तिला कारण विचारले. मनात असे की आता हिलाही एकच गुण देता येईल.

“पावती छापून होईस्तोवर पुढची गाडी काट्यावर येणार, मामा,” ती म्हणाली. “मग बफर त्या गाडीचा होतो. पावतीजवळ तिचा स्वतःचा नंबर पाहिजेच. येथे उसनं चालायचं नाही.” मग तिने पुन्हा एकदा वरच्या ओळी वाचल्या. “पण हे खरंच कोठे असं चालू होतं का?”

“दोन हंगाम,” मी म्हणालो.